नाथांच्या कावडीचं ऑडिट

हिशेब तपासणीच्या कामात चोरीपेक्षा जास्त वेळा सापडणारा एक दोष असतो. एका कामासाठी जमवलेला पैसा दुसऱ्या कामाला लावलेला असतो. कुणी खिशात घातलेला नसतो, दुसरं कामही बहुधा चांगलंच असतं. शाळेच्या छपरासाठी आलेल्या देणगीतून शिपायाच्या बायकोचं ऑपरेशन झालेलं असतं. विश्वस्त हात जोडून सांगतात, मॅडम, बाई वाचली. आम्ही आनंद व्यक्त करतो आणि शेरा मारतो. देणाऱ्यानं छपरासाठी दिले होते. पतसंस्था आणि धर्मादाय न्यासांच्या वह्या तपासण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. हा शेरा लिहिताना हात कधी अडखळला नाही.

या न्यायानं पैठणच्या एकनाथ महाराजांवर फार कडक शेरा बसतो. काशीची गंगा कावडीत भरून रामेश्वराला घालायला निघालेले नाथ. वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव तहानेनं तडफडताना दिसलं, आणि नाथांनी कावड त्याच्या तोंडात रिकामी केली. सोबतचे यात्रेकरू हळहळले, तेव्हा नाथ म्हणाले, माझा रामेश्वर इथेच पावला. आईनं ही गोष्ट सांगितली तेव्हा मी गाढवासाठी रडले होते. पुढं नोकरीत रुळल्यावर लक्ष नाथांच्या उत्तराकडं गेलं. पाणी शिवाचं, गाढवात शिव, म्हणजे निधी वळवलाच नाही, जिथं जायचा तिथंच पोचला. एखाद्या विश्वस्तानं मला हा खुलासा दिला असता तर मी तो दप्तरी घेतला नसता. अद्वैत हा अध्यात्मात सिद्धांत असेल, ताळेबंदात ती पळवाट आहे.

हे सगळं डोक्यात होतंच. ते अंगावर आलं ते २०२५च्या पावसाळ्याच्या शेवटी. ऑक्टोबरात आम्ही काही जण हर की दूनला जाणार होतो. उत्तरकाशी जिल्ह्यातली ही दरी साडेतीन हजार मीटरच्या आसपास आहे आणि तिच्या माथ्यावर स्वर्गारोहिणी उभी आहे. पांडव याच बाजूनं स्वर्गाला गेले असं तिथं सांगतात. बद्रीनाथकडची माणसं हाच मान माणा गावाला आणि सतोपंथाच्या वाटेला देतात. आमच्या ट्रेकला एक काम जोडलेलं होतं. परळच्या टाटा रुग्णालयात बाहेरगावाहून उपचारांना आलेली कुटुंबं कित्येकदा फुटपाथवर पथारी टाकतात. त्यांच्यासाठी स्वस्तात निवारा चालवणाऱ्या एका लहानशा संस्थेला प्रत्येकानं ठरावीक रक्कम जमवून द्यायची. ट्रेकचा खर्च ज्याचा त्यानं करायचा, देणगीतली पैही त्यात घालायची नाही, हे मी पहिल्याच बैठकीत सगळ्यांकडून लिहून घेतलं. मंडळींनी डोळे फिरवले, पण सह्या केल्या.

बोरिवली पूर्वेच्या माणसाला डोंगराच्या सरावासाठी लांब जावं लागत नाही. नॅशनल पार्कच्या गेटातून आत शिरलं की कान्हेरीपर्यंत सहा-सात किलोमीटरचा रस्ता, आणि पुढं लेण्यांच्या पायऱ्या. सॅकमध्ये तांदळाच्या पिशव्या भरून मी भल्या पहाटे निघायची. कान्हेरी माझी आवडती, कारण तिथल्या भिंतींवर दानाच्या नोंदी आहेत. कल्याणचा, सोपाऱ्याचा कुणी व्यापारी अठराशे वर्षांपूर्वी अक्षयनीवी ठेवतो. मुद्दल मोडायचं नाही, व्याजातून भिक्षूंना चीवरं द्यायची. देणाऱ्याचं नाव, गाव, काय दिलं, कशासाठी दिलं, सगळं दगडात. इतकी नीटस वही मला आजवर एकाही न्यासात बघायला मिळालेली नाही.

घरी परतताना वाटेत नॅन्सी कॉलनीचा एसटी डेपो लागतो. तिथं एक पिवळट कुत्रा असायचा. सुटणाऱ्या गाडीच्या पायरीवर दोन पाय ठेवून आत डोकावून बघायचा, म्हणून डेपोतले लोक त्याला मास्तर म्हणत. एसटीत कंडक्टरला मास्तरच म्हणतात. सप्टेंबरातल्या एका सकाळी तो भिंतीशी डोकं घासत फिरत होता. कुजका, गोडसर वास आधी आला, जखम नंतर दिसली. डाव्या कानामागं रुपयाएवढं भोक होतं आणि आत काहीतरी हलत होतं.

"किडे पडलेत मॅडम," एक ड्रायव्हर म्हणाला. "कापूर नि खोबरेल घालून बघितलं. धरूच देत नाही."

दोन-तीन ठिकाणी फोन केले. नाव-नंबर लिहून घेतले गेले, गाडी आली नाही. शेवटी डेपोतल्या दोघांनी जुनी चादर टाकून त्याला दाबला, मी औषधाच्या दुकानातून आणलेल्या बँडेजच्या पट्टीनं तोंड बांधलं आणि दुप्पट भाडं कबूल करून रिक्षानं डॉक्टरांकडं नेला. तिथं जे पाहिलं ते विसरता येत नाही. अळी तोंड मांसात खुपसून बसते आणि श्वास मागच्या टोकानं घेते, म्हणून जखमेत वरून दिसतात ती नुसती पांढरी, किंचित हलणारी टोकं. औषधाचा फवारा बसला की त्यांची हवा कोंडते आणि त्या वर येऊ लागतात. मग चिमट्यानं एकेक ओढायची, मध्ये तुटू द्यायची नाही. मी डोकं धरलं होतं. मास्तर आधी गुरगुरला, मग थरथरला, मग माझ्या दंडावर लाळ गाळत नुसता पडून राहिला. स्टीलच्या ट्रेमध्ये ढीग वाढत गेला. डॉक्टर म्हणाले, अजून आत असतील, परवा परत आणा.

पर्युषण नुकतंच संपलं होतं. आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या बेन रोज चौकशी करायच्या. त्यांनीच मास्तरच्या औषधाला पहिले पैसे दिले. पैसे हातात ठेवत म्हणाल्या, "कुत्रो बचला ते सारू झालं, ताई. पण ते बीजे जीव?"

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी काहीतरी पुटपुटले. पण प्रश्न रास्त आहे. एका जिवाच्या नावानं मी ट्रेभर जीव मारले, आणि त्यांचं पाप काय, तर ते दिसायला ओंगळ होते आणि त्यांना मास्तरसारखे डोळे नव्हते. तिबेटी बौद्ध परंपरेत आचार्य असंगाची कथा आहे. मैत्रेयाच्या दर्शनासाठी त्यानं बारा वर्षं तप केलं. दर्शन होईना, म्हणून गुहा सोडली, तर वाटेत जखमेत किडे पडलेली कुत्री. किडे काढावेत तर ते मरणार, ठेवावेत तर कुत्री मरणार. त्यानं स्वतःच्या मांडीचं मांस कापून किड्यांसाठी ठेवलं, आणि बोटांनी ते चिरडतील म्हणून डोळे मिटून जिभेनं उचलायला वाकला. डोळे उघडले तेव्हा समोर मैत्रेय होता. बेनना मी ही गोष्ट सांगितली. त्यांना ती आवडली, आणि मला त्याच वेळी कळलं की ही माझ्या कामाची नाही. असंगाचा हिशेब पूर्ण जुळतो, कारण तोटा तो स्वतःच्या मांडीवर घेतो. माझ्याकडं फवारा होता.

आणि जीव मोजायलाच बसायचं तर अळ्यांपाशी थांबता येत नाही. याच पार्कातल्या बिबट्यांचं बरंचसं पोट भटक्या कुत्र्यांवर भरतं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हा आकडा वर्षाला दीड हजार कुत्र्यांच्या घरात धरला आहे. वाचवलेला प्रत्येक मास्तर कुणाच्या तरी तोंडचा घास आहे. या वाटेनं गेलं की करुणा बेरीज-वजाबाकीत अडकते आणि शेवटी काहीच न करण्याचं भक्कम कारण हाती लागतं.

तेवढ्यात पैशांचा घोळ झाला. परळच्या पेशंटांच्या त्या धर्मशाळेसाठी मी महिनाभर ओळखीच्यांना मेसेज टाकत होते. उत्तरं यायची, नक्की बघतो, पगार झाला की. ग्रुपवर कुणीतरी पट्टी बांधलेल्या मास्तरचा फोटो टाकला आणि दुपारपर्यंत माझ्या खात्यात औषधोपचारांना पुरून उरतील इतके पैसे आले. एका जुन्या मैत्रिणीनं कळवलं, मी पेशंटसाठी दिलेलेही कुत्र्याला वापरलेस तरी चालतील. मला राग आला. कुत्र्याचा नाही, तिचाही नाही, त्या सहजपणाचा. यवतमाळहून आलेली, नाकाला मास्क लावलेली सात वर्षांची मुलगी आणि तिचा बाप यांच्यासाठी माणसाला पगाराची वाट बघावी लागते. मी दुसरी वही घातली. मास्तरचे पैसे मास्तरच्या वहीत, धर्मशाळेचे धर्मशाळेच्या. नाथांचा खुलासा मी तेव्हाही मान्य केला नाही.

पीटर सिंगर या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञानं १९७२ साली एका निबंधात विचारलं होतं: डबक्यात बुडणारं पोर समोर दिसलं तर कपडे खराब होतील म्हणून तुम्ही थांबाल का? नाही ना, मग दूर देशात उपाशी मरणारं पोर केवळ दूर आहे म्हणून कमी कसं ठरतं? युक्तिवाद बिनतोड आहे. पण तो चालतो कसा, ते बघा. दूरच्याचा हक्क पटवायला त्याला आधी समोरचं डबकंच उकरावं लागलं. समोरच्यासाठी धावणं हे गृहीत आहे, त्याला पुरावा लागत नाही. माझ्या मनात घोळत होतं ते हेच. जे गृहीत आहे ते कशाच्या बळावर?

महाभारत कुत्र्यानं सुरू होतं आणि कुत्र्यानंच संपत येतं. आदिपर्वात जनमेजयाच्या यज्ञात सरमेचं पिल्लू शिरतं. हविर्द्रव्याला ते जीभ सोडाच, नजरही लावत नाही, तरी राजाचे भाऊ त्याला बडवतात, आणि सरमा शाप देते. शेवटी महाप्रस्थानात पाच भाऊ आणि द्रौपदी हिमालय चढतात आणि एक कुत्रा मागं लागतो. पुढचं सगळ्यांना माहीत असतं, पण मधला भाग घाईत वाचला जातो. आधी द्रौपदी पडते. भीम विचारतो, का? युधिष्ठिर सांगतो, तिचा अर्जुनाकडं जास्त ओढा होता. सहदेव पडतो, त्याला बुद्धीचा गर्व. नकुलाला रूपाचा, अर्जुनाला पराक्रमाचा. भीम स्वतः पडतो तेव्हा त्यालाही कळतं की तो खादाड होता. प्रत्येक पडणाऱ्याच्या नावापुढं एक शेरा, आणि मागं वळून न बघता पुढं. माझ्या व्यवसायातला आद्यपुरुष म्हणावा असा हा माणूस आहे. बायकोच्या मरणावर त्यानं ऑडिट रिपोर्ट दिला.

तोच माणूस वर पोचतो, इंद्र रथ घेऊन येतो आणि म्हणतो, कुत्रा सोड. इंद्राचं म्हणणं हिशेबीच आहे: कुत्रेवाल्याला स्वर्गात जागा नाही, त्याचं यज्ञदानाचं पुण्य क्रोधवश नावाचे देव हरण करतात. भावांना सोडलंस, द्रौपदीला सोडलंस, मग याला का नाही? युधिष्ठिर म्हणतो, ती मेली होती, मेलेल्यांशी सख्य होत नाही की वैर होत नाही. जिवंत असताना मी त्यांना सोडलं नाही. आणि आश्रयाला आलेल्याला सोडणं हे मोठ्यातल्या मोठ्या पापांच्या तोडीचं आहे.

इथं माझं लक्ष एका गोष्टीनं वेधलं. वाटेत प्रत्येकाला शेरा देणाऱ्या या माणसानं कुत्र्याच्या नावापुढं एकही शेरा लिहिलेला नाही. तो गुणी आहे, शुद्ध आहे, त्याच्यात देव आहे, यातलं काही तो म्हणत नाही. कुत्रा पुढं धर्म निघतो, पण ते युधिष्ठिराला ठाऊक नाही. नाथांनी गाढवात रामेश्वर पाहिला. युधिष्ठिरानं कुत्र्यात कुत्राच पाहिला आणि तरी पाय हलवला नाही. मला हा दुसरा माणूस जवळचा वाटतो.

फक्त त्याचं कारण मला लागू पडत नाही. मास्तर माझ्या आश्रयाला आला नव्हता. तो माझ्यामागून आला नाही, मीच त्याच्यामागं चादर घेऊन धावले. बरा झाल्यावरही तो माझ्याकडं बघून कान पाडायचा, कारण माझ्या हाताला डॉक्टरांच्या स्पिरिटचा वास. शेपूट हलायची ती चहावाल्यासाठी. भक्ती नाही, शरणागती नाही. मग माझा त्याच्याशी काय संबंध? खूप विचार करून मला एकच धड उत्तर सापडलं आहे, आणि ते भावनेचं नाही. मी बघितलं होतं आणि हात घातला होता. एकदा हात घातल्यावर तिथून निघून जाणं ही तटस्थता राहत नाही, ती एक कृती होते. बाकीच्या कुत्र्यांचं मला काहीच लागत नाही असं नाही, पण तो प्रश्न कितीचा आहे, तिथं आकडे, दवाखाने आणि नसबंदीच्या शस्त्रक्रिया लागतात. मास्तरचा प्रश्न कितीचा नव्हताच.

एवढ्यावर मी समाधानानं थांबले असते. पण ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा सहकारी मूळचा महाडकडचा आहे. मास्तरचं कौतुक चाललं होतं, तो डबा खात ऐकत होता. मग म्हणाला, "मॅडम, चवदार तळ्यावर कुत्र्यांना बंदी नव्हती. माझ्या पणजोबांना होती." डबा बंद करून तो हात धुवायला गेला.

२० मार्च १९२७ला बाबासाहेबांनी त्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं आणि नंतर तळ्याची 'शुद्धी' केली गेली, हे पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं. माझ्या सहकाऱ्याच्या वाक्यात त्याच्यापलीकडचं काही होतं. मुक्या जनावरावर दया करणं या देशात कायम सोपं होतं, कारण जनावर बरोबरी मागत नाही. नाथांचंच बघा. उन्हात वाळूवर चुकलेलं महाराचं पोर त्यांनी कडेवर घेतलं, श्राद्धाचं जेवण अस्पृश्यांना वाढलं, आणि त्यासाठी पैठणानं त्यांना वाळीत टाकलं, असं त्यांच्या चरित्रकथा सांगतात. कॅलेंडरवर मात्र गाढव आलं. माझ्या खात्यात दुपारपर्यंत आलेल्या पैशांचा अर्थ मला त्या दिवशी लागला.

दयेचा खर्च कोण भरतं, हा त्याच्या पुढचा प्रश्न. आमच्या गल्लीतल्या सफाई कामगाराला गेल्या वर्षी पिंढरीला कुत्रं चावलं. पालिकेच्या दवाखान्यात लस फुकट मिळते, पण तिच्या खेपा असतात आणि प्रत्येक खेपेला रोज बुडतो. गाडीतून बिस्किटं टाकणाऱ्यांचा रोज बुडत नाही. या शहराला हे भांडण नवं नाही. जून १८३२मध्ये कंपनी सरकारनं दर कुत्र्यामागं आठ आणे लावून भटकी कुत्री मारायला लावली तेव्हा पारशांनी दुकानं बंद केली, दंगल झाली. त्यांच्या धर्मात मृताचं अंतिम दर्शन कुत्र्याला घडवतात. पुढं १८३४ साली जमशेटजी जिजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकारानं मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. त्या शेटजींचं एक मला पटतं: मारू नका म्हणून ते थांबले नाहीत, जागा आणि पैसा दिला. अक्षयनीवीच म्हणायची.

ऑक्टोबरात मी ट्रेकला गेले. धर्मशाळेची रक्कम शेवटच्या आठवड्यात कशीबशी भरली. ओसला गावाच्या अलीकडं एक झुबकेदार डोंगरी कुत्रा आमच्यामागं लागला आणि आमच्यातल्या तिघांनी एकाच वेळी युधिष्ठिराचा विनोद केला. ज्या वाटेनं पांडव गेले म्हणतात, त्या बाजूला दुर्योधनाला मानणारी गावं आहेत, ही गंमत मात्र कुणाच्या लक्षात आली नाही. स्वर्गारोहिणी सकाळी स्वच्छ दिसली. सुंदर आहे. मला सारखं वाटत होतं की डेपोत मास्तरची जखम कोण बघत असेल.

जखम भरली होती. नसबंदी झाली, कानाला खूण आली, रेबीजची लस दिली. आणि ७ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला: शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, रेल्वे स्थानकं आणि बस स्थानकं-डेपो इथली भटकी कुत्री उचलून निवारागृहात हलवायची आणि परत त्या जागी सोडायची नाहीत. एसटीचा मास्तर त्यात शब्दशः बसतो. डेपोतले लोक म्हणतात, मॅडम, तुम्ही घेऊन जा. आदेशामागचं कारण मला कळतं. रुग्णालयाच्या दारात कुत्र्यांची टोळी असू नये, याला मी तरी विरोध करणार नाही. पण एवढी निवारागृहं आहेत कुठं, हेही मला दिसतं.

युधिष्ठिराला ही अडचण आलीच नाही. इंद्रानं हट्ट मान्य करून कुत्र्याला रथात घेतलं असतं तर स्वर्गात त्याला ठेवायचा कुठं, नंदनवनात तो कुणाला चावला तर काय, हे व्यासांना लिहावं लागलं असतं. ऐन वेळी कुत्र्याचा धर्म झाला आणि सगळे सुटले. मास्तरचं तसं काही होण्याची चिन्हं नाहीत.

येत्या रविवारी आमच्या सोसायटीची सभा आहे. टाकीच्या सफाईनंतरचा विषय मास्तरचा आहे. मी सेक्रेटरींना लिहून दिलंय की त्याला तळमजल्यावरच्या मागच्या आवारात ठेवायला परवानगी द्यावी. दरवर्षीची लस, खाणं, औषध माझ्याकडं, आणि तो वॉचमन, कामवाली किंवा पार्सलवाल्या पोराला चावला तर दवाखान्याच्या प्रत्येक खेपेचा बुडालेला रोजही माझ्याकडं. बेननी पाठिंबा द्यायचं कबूल केलंय, दुसऱ्या मजल्यावरच्या नव्या बाळाच्या आईनं ठाम नकार दिलाय, आणि तिचं म्हणणं मला चूक वाटत नाही. सेक्रेटरींनी एकच प्रश्न विचारला, ही हमी किती वर्षांची? डॉक्टरांच्या अंदाजानं मास्तर पाच वर्षांचा आहे. मी दहा वर्षं लिहिली आणि खाली सही केली.